मुलाचे गुपित कोणाचे?

नववी-दहावीतील एखादे मूल मधल्या सुट्टीत बाईंजवळ येते, इकडेतिकडे पाहते, आणि "घरी सांगणार नसाल तरच सांगते" अशी अट घालून मनातले काही बोलून टाकते. ते ऐकून घेतल्यावर बाईंनी काय करावे? घरी सांगावे, की सांगू नये? प्रश्न दिसायला एवढासा आहे. शाळेत, दवाखान्यात, मामा-मावशीच्या घरी तो रोज कुठे ना कुठे उभा राहतच असतो. परंतु त्याचे उत्तर शोधायला बसले म्हणजे ध्यानात येते, की मूल म्हणजे कोण, त्याचे मन कोणाच्या मालकीचे आणि आईबापांचा त्याच्यावर हक्क तो किती, हे सारेच त्यात गुंतलेले आहे. फराळाच्या ताटाशेजारी असला विषय वाढावा की नाही, अशी शंका क्षणभर मलाही आली. पण पुण्याच्या, कोल्हापूरच्या वसतिगृहांतली मुले घरी येतात ती याच दिवसांत. बाप दुकानातून किंवा बागेतून चार घटका मोकळा होतो तोही याच दिवसांत. तेव्हा मुहूर्त काही वाईट नाही.

मी सांगलीचा. आयुष्यभर शाळामास्तरकी केली. आमचा हा मुलूख दुखण्याच्या बाबतीत मोठा भाग्यवान समजला जातो. डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत 1894 साली रुग्णालय उघडले, तेव्हापासून मिरज म्हणजे आजाऱ्याची पंढरी झाली. 1962 साली तेथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही निघाले. कर्नाटकातून बैलगाडीने आणि पुढे आगगाडीने माणसे मिरजेला येत राहिली. मूतखडा झाला, हाड मोडले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तर "मिरजेला नेऊन आणले" असे माणूस चारचौघांत अभिमानाने सांगतो. पण पोरगी तीन महिने रात्री झोपत नाही, पोरगा ताटावरून उठून जातो, पुस्तक उघडले की त्याचे हात कापतात, यासाठी मिरजेला नेले असे कोणी सांगितलेले मी क्वचितच ऐकले. कृपामयीसारखे मनोरुग्णालय त्याच मिरजेत आहे, मानसोपचार करणारे डॉक्टर सांगलीतही आहेत. पण तेथे जाणाऱ्याची वाट नेहमी मागच्या दाराने जाते. आपल्या महाराष्ट्राने तर ठाणे आणि येरवडा या दोन चांगल्या गावांच्या नावांची थट्टा करून ठेवली आहे. कायद्याची भाषासुद्धा फार काळ निराळी नव्हती. 1912 चा कायदा सरळ वेड्यांचा कायदा होता. तो 1987 साली बदलला, आणि 2017 च्या कायद्याने प्रथमच असे म्हटले, की मनाच्या दुखण्यावर उपचार मिळणे हा माणसाचा हक्क आहे.

म्हणून मूल बिघडले म्हणजे आमच्याकडे तीन इलाज आधी होतात. पहिला रागावण्याचा. दुसरा देवऋषाचा, अंगारा, उतारा, अमावास्येची फेरी. तिसरा हवापालटाचा, आजोळी पाठवायचे. हे तिन्ही करून थकल्यावर चौथी पायरी येते, आणि तोवर वर्ष उलटलेले असते. या दिरंगाईला अज्ञान हे एकच कारण नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची" ही आपली फार जुनी शहाणपणाची म्हण आहे, आणि पोरीचे लग्न, पोराची नोकरी या गोष्टी अजून त्या झाकल्या मुठीवर चालतात. जो बाप मूठ उघडत नाही तो नेहमीच निर्दय असतो असे नाही. पुष्कळदा तो भित्रा असतो, आणि त्याची भीती खोटी असते असेही नाही.

दुखणे किती आहे? बंगळूरच्या निमहान्स संस्थेने 2015-16 मध्ये देशातील बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्यात तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा 7.3 मुलांना मनाचा काही ना काही विकार आढळला. मोठ्या शहरांत तर हे प्रमाण याहून पुष्कळ अधिक निघाले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपली मुले काही निराळ्या मातीची नाहीत. साठ मुलांचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. त्यात चार मुले अशी धरावी लागतील. आणि उपचार करणारे? देशात लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता वाट्याला येत नाही. मुलांच्या मनाचेच काम करणारे तर त्याहून विरळ. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून देशात सुरू झाला आहे, किशोरवयीन मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक निघाली आहेत, ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर दूरध्वनीने सल्ला मिळतो, संकटातल्या मुलासाठी 1098 आहे. दारे अगदीच नाहीत असे म्हणता येणार नाही. पण दारापर्यंत मूल पोचते ते बहुधा कोणातरी एका मोठ्या माणसाला विश्वासाने काही सांगितल्यावर. म्हणून सारे त्या पहिल्या विश्वासाच्या क्षणावर येऊन ठेपते. आणि तेथेच आपला प्रश्न उभा आहे.

आईबापांचे म्हणणे आधी नीट ऐकले पाहिजे. ते म्हणतात, "मूल आमचे. जन्म आम्ही दिला, फी आम्ही भरतो, आणि रात्री दोन वाजता ते दचकून उठले तर उशाशी आम्ही असतो. शाळेतील बाई पाच वाजता घरी जातात, डॉक्टर पुढच्या तारखेला बोलावतात. ज्यांना परिणाम भोगायचे नाहीत त्यांनी आमच्या मुलाचे गुपित आमच्यापासून लपवायचे, हा कोणता न्याय?" हे म्हणणे पोकळ नाही. काळजी घेणाऱ्याला माहितीच नसेल तर काळजी घ्यायची कशी? परक्याने राखलेले गुपित आई आणि मूल यांच्यामध्ये पाचरीसारखे बसू शकते, हेही खरे आहे. कायदाही त्यांच्या बाजूला झुकलेला आहे. 2017 च्या कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाचा पालक हाच सामान्यतः त्याचा प्रतिनिधी. मुलाला मनोरुग्णालयात ठेवायचे तर अर्ज त्यानेच करायचा. मात्र त्याच कायद्याने त्याच्यावर बंधनेही घातली आहेत. नुसत्या बापाच्या अर्जाने मूल आत जात नाही. जाणत्यांपैकी दोघांनी ते स्वतंत्रपणे तपासून तशी गरज असल्याचे मत दिले पाहिजे, मुलाला मोठ्या माणसांपासून निराळे ठेवले पाहिजे, आणि घरचे कोणीतरी सारा वेळ त्याच्याजवळ राहिले पाहिजे. म्हणजे कायदा बापाला सांगतो, की हक्क तुझा आहे, पण तो बजावताना मुलाशेजारी बैस.

हे वाचताना मला आमच्या खेड्यांतला सातबारा आठवतो. जमीन लहान मुलाच्या नावे असली, तर त्याच्या नावापुढे "अ. पा. क." अशी अक्षरे आणि मग बापाचे किंवा आईचे नाव असते. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप जमीन कसतो, पाणी देतो, पीक घरात आणतो. पण तो मालक नव्हे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 साली झाला, तेव्हापासून मुलाच्या स्वतःच्या नावावरची जमीन बापालासुद्धा न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता किंवा गहाण टाकता येत नाही. मोठा शहाणा कायदा आहे हा. बापावर अविश्वास म्हणून तो केला नाही. पालनकर्ता आणि मालक यांतला फरक बापाच्याही ध्यानात राहावा म्हणून केला. आता विचार करा, दहा गुंठे जमिनीच्या बाबतीत जो फरक आपण मानतो, तो मुलाच्या मनाच्या बाबतीत मानायला आपल्याला जड का जावे? मुलाचे मन त्याच्याच नावावर आहे. आपण फार तर अ. पा. क. आहोत.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. मालक मूल असले, तरी ते अजून अज्ञान आहे. त्याने "सांगू नका" म्हटले म्हणजे तोंडाला कुलूप लावायचे, असा अर्थ कोणी काढील तर तो दुसऱ्या टोकाला जाईल. येथे मूल "सांगू नका" असे का म्हणते, हे पाहिले पाहिजे. माझ्या अनुभवाप्रमाणे त्याची कारणे तीन असतात: भीती, लाज आणि माया.

भीतीचे उदाहरण सोपे आहे. चाचणीत गुण कमी पडले, शिकवणीचे लाखभर रुपये वाया गेले, बाप मारील. लाजेचे उदाहरणही ओळखीचे आहे. वर्गात कोणी शरीरावरून चिडवते, कोणावर मन बसले आहे, एखादे दृश्य मनातून जात नाही. पण तिसरे कारण आपल्याला सुचत नाही, कारण मुले आपल्यावर माया करतात ती आपण गृहीत धरून चालतो. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेकडे तासगावकडची एक मुलगी अशीच आली. झोप नाही, जेवण नाही, छातीत धडधड. अवकाळी पावसाने त्या वर्षी बाग गेली होती. डावणी पडून घड गळाले होते. घरात कर्जाचा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नव्हते, पण पोरीला सारे ठाऊक होते. ती बाईंना म्हणाली, "अण्णांला सांगू नगासा. त्यांच्या जिवाला आधीच घोर हाय." हे गुपित तिने स्वतःच्या बचावासाठी ठेवले नव्हते, बापाला वाचवण्यासाठी ठेवले होते. ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर सांगलीतल्या कितीतरी मुलांच्या बाबतीत हेच झाले. आई चिखल उपसताना रडते आहे, तेव्हा "मला पावसाचा आवाज ऐकला की भीती वाटते" हे तिला कसे सांगायचे?

तीन कारणांना तीन वागणुकी हव्यात. भीतीने ठेवलेले गुपित घरी नेण्याआधी घरातली भीती कमी करावी लागते. नाहीतर आपण मुलाला माराच्या तोंडी देतो. लाजेने ठेवलेले गुपित बहुधा मुलाचेच राहू द्यावे. वाढत्या वयाला थोडा अंधार लागतो, बी मातीवर उघडे टाकले तर रुजत नाही. आणि मायेने ठेवलेले गुपित मात्र उघडलेच पाहिजे, कारण ते ओझे त्या वयाचे नव्हे. त्या शिक्षिकेने मुलीला सांगितले, की मी तुझ्या पाठीमागे घरी जाणार नाही, पण तुला एकटीला हे वाहूही देणार नाही. आठवडाभर रोज दहा मिनिटे बोलून मुलगी आईला आणायला तयार झाली. आई आली, मग सरकारी रुग्णालयातील डॉक्टर झाले, आणि शेवटी बापही आला. तो म्हणाला, "पोरीला काय बी कळू नये म्हणून मी तिच्याम्होरं कधी बोललो न्हाई." दोघे एकाच छपराखाली एकमेकांपासून एकच दुःख लपवून बसले होते!

काही गुपिते अशीही असतात की ती ठेवताच येत नाहीत. मुलाच्या जिवाला धोका असेल, ते दुसऱ्या कोणाला इजा करील अशी वेळ आली असेल, किंवा कोणी मोठे माणूस त्याच्या अंगाशी वाईट वागत असेल, तर मौन हे पाप आहे. शेवटच्या बाबतीत तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने कळवणे हे ज्याला ठाऊक आहे त्या प्रत्येकाचे कर्तव्य ठरवले आहे. आणि दोषी माणूस घरातलाच असेल, तर घरी सांगणे हा उपाय नव्हे, तो धोकाच आहे. तेव्हा "मी कोणाला सांगणार नाही" असे सरसकट वचन कोणीही देऊ नये. मोडावे लागेल असे वचन मुलाला देणे म्हणजे त्याच्या पुढच्या दहा वर्षांच्या विश्वासावर कर्ज काढणे. ऐकण्यापूर्वीच सांगावे, की तुझे बोलणे माझ्याजवळ राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाशी गाठ असेल तर ते मला सांगावे लागेल, आणि सांगण्याआधी तुला सांगेन. मुलाच्या इच्छेविरुद्ध जावे लागले तर उघडपणे जावे, त्याच्यासमोर जावे. चोरवाटेने जाऊ नये. माझ्या मते सारी नीती या एका फरकात आहे. मुलाचे म्हणणे डावलण्याचा अधिकार मोठ्यांना क्वचित असू शकतो. त्याला फसवण्याचा अधिकार कधीच नसतो.

कोणी म्हणेल, ही पश्चिमेकडची थेरे आहेत. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने 1985 साली ठरवले, की ज्या मुलाला गोष्टीची पुरती समज आहे त्याला स्वतःच्या उपचाराला संमती देता येते, हे खरे. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या बालहक्क करारात मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याचा हक्क लिहिला आहे, त्यात भारत 1992 साली सामील झाला, हेही खरे. पण मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्याला मित्रासारखे वागवावे, हे सांगणारे जुने सुभाषित तर आपलेच आहे. मुलांच्या मनासाठी मार्गदर्शन केंद्र मुंबईत टाटांच्या समाजकार्याच्या शाळेने 1937 सालीच उघडले होते. ठाण्याच्या नावाची थट्टा चालत असतानाच त्या शहरात 1990 साली डॉक्टर आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. साताऱ्यात परिवर्तन ही संस्था व्यसनाबरोबर मनाचेही काम करते.

आणि खुद्द आमच्या सांगलीला तर हा धडा बाहेरून घ्यायची गरज नाही. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तेथल्या गोविंद बल्लाळ देवलांनी 1899 साली "शारदा" रंगभूमीवर आणले. बाप पैशासाठी पोरीला जरठाच्या गळ्यात बांधायला निघतो, आणि त्या साऱ्या व्यवहारात जिचे आयुष्य पणाला लागले आहे तिला कोणी विचारत नाही. शेवटी ती जीव द्यायला निघते, तेव्हा कोदंड तिला वाचवतो. शंभराहून अधिक वर्षे आम्ही नाट्यगृहात बसून त्या मुलीसाठी डोळे पुसत आलो. तेच आम्ही घरी येऊन मुलीची शाखा, मुलाची शिकवणी आणि दोघांचे भविष्य त्यांना न विचारता ठरवतो. रंगमंचावरची शारदा आम्हाला कळते. माजघरातली कळत नाही.

दुसरे उदाहरण आटपाडीचे. जुन्या औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, स्वतंत्रपूर नावाची बिनभिंतींची कैद्यांची वसाहत निघाली. खुनासारख्या गुन्ह्यांतली माणसे शेती करून, उघड्यावर, विश्वासावर तेथे राहिली. शांताराम बापूंनी त्यावरून 1957 साली "दो आँखें बारह हाथ" हा चित्रपट काढला, तो सगळ्या जगाने पाहिला. ज्या जिल्ह्याने जन्मठेपेच्या कैद्यावर विश्वास टाकून पाहिला, त्या जिल्ह्याला आपल्या पोटच्या पोरावर तो टाकता येऊ नये, याचे नवल वाटते.

आता आईबापांसाठी दोन शब्द. उद्या शाळेतल्या बाईंनी किंवा डॉक्टरांनी तुम्हाला सांगितले, "तुमचे मूल माझ्याशी बोलते आहे, ते सुरक्षित आहे, बाकीचे ते सांगेल तेव्हा कळेल," तर ते ऐकून घेणे फार कठीण जाईल, हे मी जाणतो. आपल्याला न सांगता मूल परक्याला सांगते, हा घाव वर्मी लागतो. पण मूल कोणाशी तरी बोलते आहे, ही दुःखाची नव्हे, सुटकेची बातमी आहे. त्या वेळी एकच प्रश्न विचारण्याचा हक्क पालनकर्त्याला आहे: ते सुखरूप आहे ना? त्याचे उत्तर मिळाले की वाट पाहावी, आणि रोजचा चहा, रोजचे जेवण पूर्वीसारखेच पुढे करावे. दिवाळीला घरी आलेल्या मुलाला "किती टक्के?" हा प्रश्न चार दिवस न विचारता राहून पाहावे, मधल्या शांततेत ते कदाचित काही बोलेलही. न बोलले तरी ती शांतता वाया जात नाही.

सातबाऱ्यावरची ती अ. पा. क. ही तीन अक्षरे कायमची नसतात. मूल अठरा वर्षांचे झाले, की फेरफार होतो आणि ती निघून जातात. उपचाराचा कायदाही त्या दिवसापासून त्याला स्वतंत्र माणूस मानतो. त्या दिवशी जमीन त्याच्या हाती येते, ती पालनकर्त्याने जशी राखली असेल तशी: बांध शाबूत असतील तर शाबूत, आणि कोणी न विचारता मधून रस्ता पाडला असेल, तर त्या रस्त्यासकट.